मशीनचा हात आणि जाळ्याची गाठ

आमच्या ह्यांची बोटं पांढरी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली ती बर्फात. माझा धंदा मासळीचा. करंज्याहून सकाळी टेम्पो येतो, मी पनवेलच्या बाजारात बसते. बाजाराला निघण्याआधी ओट्यावर बसून आम्ही नवराबायको थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ आणि मासळीचे थर लावतो. त्या दिवशी ह्यांनी खोक्यातून हात बाहेर काढला आणि तसाच समोर धरून बघत बसले. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट अर्ध्यापर्यंत पांढरंफटक. जिथे पांढरं संपत होतं तिथे कुणी रेघ मारावी तशी कड होती. त्याखाली हात आपला नेहमीचा, सावळा.

"अगो बाय! ह्यो काय झालाय?" मी ओरडले.

"काय नाय गो. बर्फ चावला," हे म्हणाले आणि हात काखेत दाबून बसले.

आमच्याकडे बर्फ चावतोच. मासळीच्या धंद्यातल्या कुठल्याही बाईचे हात बघा, फुटलेले, फुगलेले, नखं मऊ पडलेली. हाताला काहीही झालं की आम्ही बर्फाला शिव्या घालतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. थोड्या वेळाने बोटं लाल झाली, ठणकली, मग पूर्ववत झाली. मी म्हटलं, उद्यापासून तुमी बर्फाला हात लावायचा नाय, मी एकटी भरेन खोकी. आणि तशी भरू लागले. नवऱ्याचं दुखणं आपण अंगावर घेतलं, याचं मला तेव्हा बरंही वाटलं. डोंबल माझं! ज्याने काही केलं नव्हतं त्या बर्फालाच मी चोर ठरवत होते.

हे मूळचे करंज्याचे. लहानपणापासून समुद्रावर. माझ्या थोरल्या दिरांची बोट आहे, तिच्यावर हे खलाशी होते. दिरांना आम्ही दोघंही दादाच म्हणतो. पुढे माझी आई थकली आणि बाजारातली तिची जागा माझ्याकडे आली. रोज करंज्याहून येणं-जाणं जमेना, म्हणून आम्ही पनवेलला बिऱ्हाड केलं. पनवेलात समुद्रावरच्या माणसाने करायचं काय? ह्यांना एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये माळ्याचं काम मिळालं. जिथे पूर्वी भातशेती होती तिथे उंच इमारती झाल्या आहेत, खाली हिरवळ, कडेने मेंदीचं कुंपण, मागे टेकाडापर्यंत मोकळी जागा. पावसाळ्यात त्या मोकळ्या जागेत कमरेएवढं गवत माजतं. ते कापायचं मशीन ह्यांच्या हाती आलं.

गवत कापायचं मशीन तुम्ही पाहिलं असेल. लांब दांडा, एका टोकाला पेट्रोलवर चालणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं किंवा नायलॉनची दोरी. मध्ये सायकलच्या हँडलसारखं हँडल. पट्टा खांद्यावरून घ्यायचा आणि दांडा डावीउजवीकडे फिरवत पुढे जायचं. ह्यांना त्या मशीनचा केवढा अभिमान! बाकीचे माळी खुरपी घेऊन बसायचे, हे उभे. बायका गॅलरीतून बघायच्या म्हणे. "बोटीचं इंजिन सांभाळलंय आमी, ह्यो तर खेळणा हाय," असं म्हणायचे. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटायचं. बोट सुटल्यावर माणूस आतून कोमेजला होता, तो जरा ताठ झाला होता.

पण समुद्राशी एक धागा ह्यांनी सोडला नव्हता. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात, अंगणात जाळी पसरतात आणि फाटलेली जाळी बांधायचं काम सुरू होतं. ह्यांची सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही एसटी पकडून करंज्याला जायचो. हे दादांच्या अंगणात पाय लांब करून बसायचे, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवायचे, हातात जाळं बांधायची सुई आणि नायलॉनचा धागा. मग बोलत काय बसायचे, समुद्राकडे बघत काय बसायचे, चहा काय प्यायचे! हाताकडे मान वळवून बघतील तर शपथ. बोटं आपली आपण जाळ्याची घरं, म्हणजे चौकोनी भोकं, मोजायची, गाठ मारायची, आवळायची. सगळा हिशोब बोटांच्या टोकांना ठाऊक. दादा कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नाहीत, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बांधतात सगलेच. याच्या गाठी बसतात."

आमच्या घरात एक रीत आहे. बंदी संपत आली की बांधून झालेल्या जाळ्यात एक घर मुद्दाम उघडं ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी जाळं बोटीवर चढवायचं, त्या वेळी सगळ्यांसमोर ती शेवटची गाठ मारायची. ती गाठ कायम ह्यांची. ती मारली की दादा जाळ्यावर पाय देऊन सगळ्या अंगाने ओढून बघतात, मग जाळ्याला हळदकुंकू लावून नारळ टेकवतात आणि जाळं चढतं. ह्यांनी बोट सोडली, गाव सोडलं, तरी ती गाठ दादांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. बोटीवर ह्यांची एवढीच जागा उरली होती, आणि तेवढ्या जागेवर हे वर्षभर जगत होते.

हाताची लक्षणं हळूहळू दिसत गेली. कामावरून आल्यावर हात झिणझिणायचे. हे मांडीवर आपटायचे, झटकायचे. "मशीन बंद केला तरी हातात चालूच हाय," असं एकदा हसत म्हणाले. मीही हसले. मग शर्टाची बटणं लावताना खोळंबा होऊ लागला. ताटातली बोंबलाची काडी उचलताना निसटू लागली. चहाचा कप पडला, पुन्हा पडला. मी बोलले, माझ्या तोंडाचा पट्टा काही कमी नाही. "लक्ष कुठे असतं तुमचं? लाडूबाई आहात काय कुणाच्या घरच्या?" हे खाली बसून काचा वेचू लागले, आणि एक काच बोटात घुसली तरी ह्यांना कळलं नाही. रक्त मला दिसलं, तेव्हा त्यांनी बघितलं.

तरीसुद्धा मी म्हणत होते, बर्फच. आता बर्फ बंद केलाय, बरं वाटेल. उन्हाळ्यात खरंच बोटं पांढरी झाली नाहीत. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा, बघ, बर्फ सोडला नि सुटले.

मग बंदी लागली. बंदीत माझ्याकडे ताजी मासळी नसते. सुकट, सुके बोंबील, जवळा, एवढंच घेऊन बसते. घरात बर्फाचा खडासुद्धा नव्हता. एका संध्याकाळी हे भिजत सायकलवरून आले. ओट्याशी सायकल लावली, पण हँडलवरचा हात सुटेना. मी पुढे होऊन त्यांची बोटं एकेक करून सोडवली. चार बोटं पांढरी. दोन्ही हातांची दोन-दोन. थंडगार, जणू आताच खोक्यातून काढली असावीत.

मी तशीच उभी राहिले. घरात बर्फ नाही, बाजारात बर्फ नाही, मग चावलं कोण?

दुसऱ्या दिवशी मी बाजार बुडवला आणि ह्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. येत नव्हते. "बाईमाणसागत हात दाखवायला काय जायचाय," म्हणत होते. मी म्हटलं, "गुमान चला, नायतर रस्त्यात बोंबलेन." माझी बोंब त्यांना माहीत आहे. ते आले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी साखर तपासायला रक्त घेतलं, नाडी बघितली. मग ह्यांना डोळे मिटायला सांगून कापसाने बोटांना शिवत गेल्या. "लागलं की सांगा." करंगळीला शिवल्या, हे हो म्हणाले. अंगठ्याला शिवल्या, जरा थांबून हो म्हणाले. पहिल्या बोटाला शिवल्या, मधल्या बोटाला शिवल्या. हे डोळे मिटून शांत बसले होते, अजून सुरुवात व्हायची आहे अशा समजुतीने. मी बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसून टाकलं.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"माळी हाय."

"हाताने की मशीनने?"

ह्यांनी मशीनचं सांगितलं. किती वेळ धरता, मध्ये थांबता का, मशीन जुनं आहे का, असं त्या विचारत गेल्या. मी मध्येच म्हटलं, "बाई, ह्यांना बर्फ लागलाय. वर्षानुवर्षं बर्फात हात आहे आमचा."

त्या म्हणाल्या, "बर्फाने फक्त चुगली केली. चोर दुसराच आहे. मशीनचा हादरा दिवसभर हातात जातो. त्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. मग गारवा लागला की रक्त पुढे जात नाही आणि बोट पांढरं पडतं. तुम्ही बर्फ बंद केलात, पण मशीन चालूच ठेवलंत."

मशीन सोडता आलं तर सोडा, असं त्यांनी आधी सांगितलं. आमचे चेहरे बघून मग म्हणाल्या, नसेल सुटत तर सलग धरू नका. थोडं कापा, थांबा, दुसरं काम करा, दुसऱ्या माणसाला द्या. मशीन दुरुस्त ठेवा, जेवढं खिळखिळं तेवढा हादरा जास्त. हात कोरडे आणि गरम ठेवा. बिडी सोडा, बिडीने बोटांचं रक्त आणखी आटतं. आणि गच्च आवळून धरू नका. दांड्याचं वजन खांद्यावरच्या पट्ट्याला घेऊ द्या, हाताने फक्त वळवा.

"गेलेलं परत येईल?" मी विचारलं.

"गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आता आहे ते राखता येईल. पण ते यांच्या हातात आहे."

बाहेर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? बिडी पेटवली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी ती बिडी तोंडातून काढून गटारात टाकली. लोक बघत होते, बघू देत.

"त्या पोरीला काय कलतंय?" हे म्हणाले. "तिनं कधी दोर वढलाय?"

मला वाटलं होतं, डॉक्टरने सांगितलं म्हणजे माणूस ऐकेल. पण संध्याकाळी हात तसेच झिणझिणत. विचारलं तर, "थांबतोय ना मी." एका दिवशी बाजार लवकर आटपला, तशी मी टोपली खाली ठेवून तडक कॉम्प्लेक्सवर गेले. वॉचमनने अडवलं. मी म्हटलं, माझा नवरा आत काम करतो, मी त्याचं काम बघायला आले आहे. आजवर कुणी बायको असं बघायला आली नसावी. त्याने सोडलं.

हे मागच्या मोकळ्या जागेत होते. मी झाडाखाली उभी राहून बघितलं. मशीन घरघरत होतं, सगळा दांडा थरथरत होता. पट्टा सैल लोंबत होता, वजन सगळं हातांवर. आणि हात! दोन्ही मुठी अशा आवळलेल्या की हाताच्या पाठीवरच्या शिरा वर आलेल्या. खांदे वर, दात एकमेकांवर. मी ती मूठ ओळखते. वारा सुटलेला असतो, जाळं भरून जड झालेलं असतं आणि दोर हातातून निसटू बघतो, तेव्हाची ती मूठ आहे. समुद्रावर दोर सुटला तर पुढच्या माणसाचा पाय गुंततो, माणूस पाण्यात जातो. पोर असल्यापासून बोटीवर त्यांना एकच शिकवलंय, धरलं की सोडायचं नाही. बिचारे तेच करत होते. जेवढं मशीन थरथरेल तेवढं आवळत होते, आणि जेवढं आवळत होते तेवढा हादरा अंगात घेत होते. बोटांना लागत नाही म्हणून आणखी आवळत होते.

आणि थांबत नव्हते. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत, मग मागे फिरून पुन्हा. दुसरा माळी तिथेच दाताळ्याने गवत ओढत होता. मी त्याला विचारलं, हे मशीन तुला देत नाहीत का? तो म्हणाला, "मागतो मी, मामा देत नाहीत. अर्ध्यात सोडायचं नाय म्हणतात."

मी पुढे गेले. मला बघून ह्यांनी मशीन बंद केलं. चेहरा असा झाला, मी भर बाजारात त्यांचं धोतर ओढलंय जणू.

"अर्ध्यात सोडायला काय होतं तुमाला?" मी म्हटलं.

"जालं अर्धं वर आणून कोण थांबतो काय?"

"अहो, गवत हाय ते! पळून जातंय काय? मासा हाय?"

दुसरा माळी हसला. हे हसले नाहीत. मग मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला, तो अजून थरथरत होता. "तुमी दोर धरलाय," मी म्हटलं. "दोर नको. जाळ्याची सुई कशी धरता? सुटत नाय, पण आवळलेली पण नसते. तशी धरा." त्यांनी हात सोडवून घेतला आणि मशीन परत चालू केलं.

तिथून मी मुकादमाकडे गेले. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वहिनी, मशीन धरलं की सगळ्यांच्याच हाताला मुंग्या येतात." मी म्हटलं, "येतात ना? मग सगळ्यांच्याच बोटांचा जीव जाईपर्यंत वाट बघायची का?" माझा आवाज चढला होता. तो दचकला असावा. त्याने मशीन दुकानात पाठवलं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, हँडलखालचे हादरा खाणारे रबर चिरून गेले होते आणि पातं दगडावर आपटून आपटून वाकलं होतं. दोन्ही बदलली. पट्टा आवळून घेतला. पाळीपाळीने दोघांनी चालवायचं असं मुकादमाने सांगितलं. मशीनचा हादरा खरंच कमी झाला, हे ह्यांनीही कबूल केलं. पण पाळीचं मला दुसऱ्या माळ्याकडून कळलं. मुकादम दिसला की हे मशीन देतात, तो वळला की परत घेतात.

मी हात टेकले. ओरडून झालं, रडून झालं. हे माझ्यावर रागावलेले होते, बायकोने कामावर येऊन इज्जत काढली म्हणून. जेवताना बोलायचे नाहीत. मला राग येत होता आणि त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. नारळी पौर्णिमा जवळ येत होती.

त्या पावसाळ्यात करंज्याच्या अंगणात मी ह्यांना पहिल्यांदा हाताकडे बघून जाळं बांधताना पाहिलं. मान खाली. चहा बाजूला गार झालेला. धागा बोटांत आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं, मग गाठ मारायची, मग परत बघायचं. समुद्राकडे एकदाही नाही. दादा समोर बसून दुसरं टोक बांधत होते. हे पाणी प्यायला आत गेले की दादा सरकून ह्यांच्या बाजूला यायचे. एकेक गाठ अंगठ्याने दाबायचे. जी सरकायची ती सोडून मुकाट्याने स्वतः मारायचे आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसायचे. मी दारातून बघितलं. दादांनीही मला बघितलं. मग पुढची गाठ दाबली.

मग तो दिवस आला. जाळं अंगणात गोळा करून ठेवलं होतं, बोटीवरची माणसं उभी होती, जाऊबाईंनी नारळ आणि हळदकुंकू ताटात आणलं होतं. उघडं ठेवलेलं घर दादांनी वर काढून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. पाऊस नव्हता, पण वारा गार होता. ह्यांनी हात चोळले, तोंडाने वाफ दिली आणि गाठ मारली. धागा आवळला. अंगठा गाठीवरून फिरवला, परत फिरवला.

मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू विचारलं, "बसली काय गो?"

लग्न होऊन आल्यापासून मी ह्या माणसाला हे विचारताना ऐकलं नव्हतं. सगळं गाव ह्यांना विचारायचं. मी खाली बसले आणि गाठीवर बोट ठेवलं. ती माझ्या बोटाखाली गोल फिरली.

दादा माझ्याकडेच बघत होते. मी "बसली" म्हटलं असतं तर त्यांनी मागाहून नीट केली असती, कुणाला कळलंही नसतं. ह्यांचा मान राहिला असता. आणि उद्या सकाळी हे परत जाऊन ते मशीन मुठीत आवळणार, की बघा, माझे हात ठीक आहेत, गाठ बसतेय माझी.

"नाय बसली," मी म्हटलं.

ह्यांनी गाठ सोडली आणि परत मारली. "आता?"

"नाय."

तिसऱ्यांदा धागा त्यांच्या बोटांतून गळून पडला आणि पडलेला त्यांना कळला नाही. ते रिकामी चिमूट आवळत होते. दादांनी तोंड फिरवलं. मग ह्यांनी खाली बघितलं, धागा बघितला आणि सुई माझ्यासमोर धरली.

"तू बांध."

माझ्या बापाने मला लहानपणी शिकवलं होतं. पण इतक्या माणसांत, ही गाठ! मी मारली आणि आवळली. दादांनी पाय दिला, सगळं अंग टाकून ओढलं. जाळं ताणलं गेलं, गाठ हलली नाही. नारळ लागला, जाळं उचललं गेलं. हे अंगणातच बसून राहिले, हात मांडीवर उताणे टाकून. मी शेजारी बसले. मला रडू फुटलं. "मला माफ करा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कशाला? तू खरा बोललीस."

परतीच्या एसटीत उरण सुटेपर्यंत ते बोटं चोळत होते. मग म्हणाले, "उद्यापासून मशीनची त्याची पाली त्याला देतो."

आणि दिली. मशीन अर्ध्यात ठेवतात, दाताळं घेतात. कोपऱ्याकापऱ्यातलं गवत विळ्याने काढतात. सकाळी गार असलं की चहाच्या कपाभोवती हात धरून बसतात, हातमोजे कोरडे आहेत का बघतात. बिडी कधी सुटते, कधी परत येते, त्यावरून आमची भांडणं होतात. पांढरं जिथे होतं तिथेच थांबलंय, पुढे सरकलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच चांगलं समजा. मी समजते. पण पहिल्या आणि मधल्या बोटाची टोकं परत आली नाहीत.

गेल्या नारळी पौर्णिमेआधीही दादांनी उघडं घर ह्यांच्याच मांडीवर ठेवलं. ह्यांनी सुई माझ्याकडे दिली. मी गाठ मारली, आवळली.

"बसली?" ह्यांनी विचारलं.

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, "तुमीच बघा."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग जाळं दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ नेलं, डोळे मिटले आणि ती गाठ खालच्या ओठावरून हळूहळू फिरवली. अंगणात सगळे थांबले होते. ह्यांनी डोळे उघडले, समुद्राकडे बघितलं.

"बसली," ते म्हणाले, आणि दादांनी जाळ्यावर पाय दिला.